शांत सूर्यावरून राहिलेलं भांडण

अक्का, स्मशानात तुझ्या पुतण्यानं मला विचारलं, "तुम्ही कोण?" आधी कन्नडमध्ये, मग माझा चेहरा बघून हिंदीत, आणि कुणीतरी त्याच्या कानाशी लागल्यावर तुमच्या घरातल्या मराठीत. "ऑफिसातला," एवढंच म्हणालो. त्यानं मान हलवली आणि मला मागच्या बाजूला, ऑफिसातल्यांच्या घोळक्यात उभं केलं. तिथं उभ्या उभ्या मी विचार करत होतो, हा प्रश्न त्यानं तुला विचारला असता तर तू काय सांगितलं असतंस. बहुतेक म्हणाली असतीस, "तो होय? माझ्याशी भांडायला येतो तो."

ते खरं असतं. पण तू जाण्याआधी आपलं भांडण मिटलं होतं की नव्हतं, हेच मला समजत नाहीये. लोक म्हणतात, काही बोलायचं राहून गेलं की दुःख होतं. माझं उलटंच झालंय. तू जे बोललीस, त्याचंच काय करायचं ते कळत नाही.

मी या शहरात नवा होतो तेव्हाची गोष्ट आठवते? कोरमंगलाच्या एका पीजीत राहायचो आणि कॅन्टीनमध्ये बसून आईला फोनवर पटवत होतो की इथं पोळी मिळते, मी उपाशी नाही. फोन ठेवला तर मागून आवाज आला, "तू आमचं बोलतोस की रे." वळून बघतो तर पांढऱ्या केसांची, कॉटनची साडी नेसलेली बाई, हातात स्टीलचा कॉफीचा पेला. मी विचारलं, "तुम्ही मराठी?" म्हणालीस, "हौदु." म्हणजे हो. कुठल्या, तर इथल्याच. मूळच्या? "मूळच्याही इथल्याच." मग हसून म्हणालीस, "आमचे लोक तीन-चारशे वर्षांमागं आले. काम झालं की परत जायचं म्हणत होते. अजून सवड मिळाली नाही."

मी तुला मॅडम म्हटलं, तर तू हात झटकलास. "मॅडम सगळेच म्हणतात. तू अक्का म्हण. आणि अक्काला अहो-जाहो करायचं नाही. भाऊ कुठं करतो का?" मला सख्खी बहीण नाही. वयानं तू माझ्या मावशीएवढी. तरी त्या दिवसापासून तू अक्का झालीस आणि मी तुला 'तू' म्हणायला लागलो. पुतण्याला हे सगळं तिथं चितेसमोर कसं सांगणार होतो?

नंतर कळलं की तू कोण आहेस. उपग्रहावर बसवायचं एक छोटं उपकरण तू बनवत होतीस. जेवणाच्या डब्याएवढं, आत करंगळीच्या नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. सूर्याकडून येणारा क्ष-किरणांचा एकेक कण त्यावर पडला की तो मोजायचा, आणि तो किती ताकदीचा होता तेही सांगायचं. बाकी सगळ्यांना त्यातून सूर्यावरचे मोठे भडके बघायचे होते. तुला नाही. तुला बघायचं होतं सूर्य काहीच करत नसतो तेव्हा काय होतं ते. एकही डाग नाही, एकही भडका नाही, अशा वेळी त्याच्यातून क्ष-किरण येतात का, येत असतील तर किती. "लग्नात सगळे सजतात रे," तू मला म्हणाली होतीस. "माणूस बघायचा असेल तर मंगळवारी दुपारी जाऊन बघ."

तू मला समजावून सांगितलंस की सूर्याचा पृष्ठभाग काही हजार अंशांचा, आणि त्याच्या वरचं विरळ वातावरण मात्र लाखो अंशांचं. चुलीपासून लांब गेल्यावर जास्त चटका बसावा, तसा हा प्रकार. हे कशानं होतं ते अजून कुणाला धड सांगता येत नाही. कदाचित लहान लहान, डोळ्यांना न दिसणारे स्फोट सतत होत असतील आणि त्यांनीच ते तापत असेल. तसं असेल तर अगदी शांत सूर्यातूनही अंधुकसे क्ष-किरण आले पाहिजेत. ते मोजायचे, एवढंच तुझं म्हणणं. आणि मोजलेले आकडे उलगडणं हे माझं काम.

मग उपकरण वर गेलं, आणि सूर्य खरंच गप्प झाला. आठवडेच्या आठवडे त्याच्यावर डाग नाही. नेमका त्याच सुमारास लॉकडाऊन लागला आणि माझ्या बेळ्ळंदूरच्या खिडकीखालचा रिंग रोडही गप्प झाला. तिथं शांतता असू शकते हे मला आधी ठाऊक नव्हतं. आकडे वरून येत राहिले. मी घरी बसून ते लावायचो आणि तू फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाक करत ऐकायचीस. मी काही महत्त्वाचं सांगायला लागलो की नेमकी तुझ्या कुकरची शिट्टी व्हायची. "स्वल्प थांब," म्हणायचीस. मग, "सरी," म्हणजे ठीक, "बोल आता."

भांडण तिथंच सुरू झालं. शांत सूर्याच्या आलेखात मला छोट्या छोट्या चमका दिसल्या. मी नाचलोच. तू म्हणालीस, "तो सूर्य नाही. ती माझ्या डिटेक्टरची कुरकुर आहे." मला धक्काच बसला. ज्या बाईनं इतकी वर्षं घालून ते उपकरण बनवलं, तिचाच त्याच्यावर विश्वास नाही, आणि मी, ज्यानं ते फक्त काचेपलीकडून बघितलं होतं, मी त्याची बाजू घेतोय. "मी बनवलाय तो," तू म्हणालीस. "तो कुठं कुठं खोटं बोलतो ते मला माहीत आहे."

तू मला तपासण्यांमागून तपासण्या करायला लावल्यास. सूर्य उपकरणासमोर नसताना जे आकडे येतात ते वेगळे काढ. बाहेरून विद्युतभारित कणांचा झोत आला असेल ते दिवस टाक. दुसऱ्या उपग्रहांच्या चित्रांशी ताडून बघ. मी करत गेलो, चिडत चिडत. महिने गेले. शेवटी एका दुपारी तू फोनवर म्हणालीस, "सरी. चमका तुझ्या. मधलं माझं."

मधलं म्हणजे दोन चमकांच्या मधली ती जवळजवळ सपाट रेघ. शून्याच्या किंचित वर. मी म्हणायचो, हाच शांत सूर्याचा स्वतःचा मंद उजेड, काही होत नसतानाचा. तू म्हणायचीस, ती रेघ डब्याची आहे. सूर्य समोर असतो तेव्हा डबा थोडा तापतो, तापला की जास्त कुरकुरतो, आणि केदार, तू सूर्य समोर नसतानाच्या थंड डब्याची कुरकुर तापलेल्या डब्यातून वजा करतोस, मग उरणारच काहीतरी. मी म्हणालो, बघ, त्यात सूर्यावरच्या मॅग्नेशियमची खूण आहे, नेमक्या त्याच ताकदीचे कण, डबा तर ॲल्युमिनियमचा. तू म्हणालीस, "दोघांच्या कणांची ताकद जवळजवळ सारखी, घरं शेजारी शेजारी. भिंत पातळ. कोण खोकलं ते तुला एवढ्या खात्रीनं कसं कळतं?"

या एका रेघेवर आपण किती काळ भांडलो, अक्का! लॉकडाऊन उठला, रिंग रोड पुन्हा तुंबला, सूर्य पुन्हा डागाळला, भडकायला लागला, सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. तू निवृत्त झालीस आणि अण्णांबरोबर, तुझ्या थोरल्या भावाबरोबर, देवनहळ्ळीला राहायला गेलीस. मी तिथंही यायचो. गावाबाहेरची द्राक्षाची बाग जाऊन लेआउट, म्हणजे प्लॉटांची वसाहत, झालेला, त्यात तुमचं बैठं घर. अण्णा आपल्याला कॉफी देऊन आत जायचे. "तुमचं चालू द्या," म्हणायचे. त्या रेघेवरचा आपला शोधनिबंध, तो पेपर, अर्धवट पडून होता. तुझ्या होकाराशिवाय मी तो पाठवणार नव्हतो आणि तू होकार देत नव्हतीस. मला ते चाललं असतं, आणखी दहा वर्षंही.

मग तुझं पोट दुखायला लागलं, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं ते तू मला फोनवर एका वाक्यात सांगून लगेच विचारलंस, "ते तापमानाचं तपासलंस का?"

त्यानंतरच्या एका रविवारी तू व्हरांड्यात उन्हात बसली होतीस, तरी अंगावर शाल. विमानतळ जवळ म्हणून थोड्या थोड्या वेळानं डोक्यावरून विमान जायचं आणि बोलणं थांबवावं लागायचं. मी नव्या आलेखाबद्दल सांगत होतो. विमान आलं. मी थांबलो. ते गेल्यावर तू म्हणालीस, "केदार, मधलंही तुझंच. तू बरोबर होतास. पाठव आता पेपर."

"काय?"

"ऐकू आलं तुला."

"पण का? काय बघितलंस तू?"

"अय्यो, बरोबर म्हटलं तरी भांडतोस! माझं नाव घाल आणि पाठव." आणि आत वळून हाक मारलीस, "अण्णा, कॉफी झाली का?"

खरं सांगू? मला आनंद झाला. कॅबमध्ये बसल्यावर मी चक्क शीळ घालत होतो. हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर गाड्या अडकल्या आणि तिथं, थांबलेल्या कॅबमध्ये, माझा आनंद हळूहळू ओसरला. तू कारण सांगितलं नव्हतंस. चमका माझ्या म्हणालीस तेव्हा त्यामागं महिन्यांच्या तपासण्या होत्या. या वेळी काही नाही. एक विमान गेलं आणि तू बदललीस.

घरी बायकोला, मीनलला, सांगितलं. ती म्हणाली, "माणूस आजारी पडलं की भांडणं मिटवून टाकतं. तू कशाला खोदतोस?" मला ते पटलं नाही. कारण आजारी असतानाही तू हॉस्पिटलमध्ये सलाइनच्या पंपावरचा आकडा चुकीचा आहे म्हणून नर्सशी वाद घातला होतास, आणि पंप बदलावा लागला होता. तू मिटवून टाकणारी नव्हतीस. मग काय होतं ते?

पुढच्या रविवारी मी विचारायचं ठरवून आलो. वाक्यसुद्धा तयार केलं होतं, तू उडवून लावू शकणार नाहीस असं. पण तू झोपली होतीस. औषधाची झोप. अण्णा म्हणाले, बस, उठेल. मी दुपारभर तुझ्या पलंगाशेजारी बसलो. तुझा श्वास लागत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. एकदा तू डोळे उघडलेस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "जेवलास?" मी हो म्हणालो. तू पुन्हा झोपलीस. आपलं शेवटचं बोलणं ते.

विधी आटोपल्यावर मी देवनहळ्ळीला गेलो. अण्णा एकटेच होते. त्यांनीही पहिल्यांदा तेच विचारलं, जेवलास का. मग आम्ही दोघं तुझ्या खुर्चीच्या दोन बाजूंना बसलो आणि खुर्चीत कुणीच बसलं नाही. मला राहवेना. मी विचारलं, "अण्णा, अक्का तुम्हाला पेपरबद्दल काही बोलली होती?"

"बोलली की," अण्णा म्हणाले. "म्हणाली, केदारला बरोबर आहेस म्हणून सांगून टाकलं. नाहीतर तो थांबून राहतो. मी असेपर्यंत पाठवत नाही, आणि मी गेल्यावर तर मुळीच पाठवणार नाही."

"म्हणजे तिला तसं वाटत नव्हतं?"

"तसं कुठं म्हणाली ती?"

"मग वाटत होतं?"

अण्णा म्हणजे बँकेत आयुष्य काढलेला माणूस, खात्री असल्याशिवाय बोलत नाही. "गोत्तिल्ला रे," ते म्हणाले. "ठाऊक नाही. मी विचारलं नाही. त्या दिवशी ती खूश होती, एवढं माहीत आहे."

"कशानं खूश होती?"

"तू खूश होऊन गेलास म्हणून असेल. का दुसरं काही असेल. आम्हाला ते क्ष-किरण काय कळतं?"

परतताना मी तुझ्यावर भयंकर चिडलो होतो, अक्का. तू मला दया दाखवलीस? माझ्याशी वाद घालणं सोडून मला खूश केलंस, पाहुण्याला करतात तसं? मग वाटलं, नाही, तुला आपलं काम घराबाहेर पडलेलं बघायचं होतं. तुझं उपकरण काय म्हणालं ते लोकांनी ऐकावं, चुकीचं ऐकलं तरी चालेल, मग पुढचे लोक भांडतील. तसं असेल तर तुझे आभार कसे मानू? आणि मग तिसरंच मनात आलं, की तुला खरंच पटलं असेल. त्या आजारपणात कधीतरी, भिंतीकडे बघत पडल्या पडल्या, तुला काहीतरी सुचलं असेल, आणि अण्णांना सांगितलेलं कारण फक्त अण्णांसाठी असेल. या तिघींपैकी कुठली अक्का खरी? मी रोज एकीला धरतो आणि दुसऱ्या दिवशी सोडून देतो.

शेवटी मी एकच गोष्ट करू शकत होतो, ती केली. पेपरमध्ये मी एक भाग नवा लिहिला. चौथ्या भागात माझं म्हणणं होतंच, की ती मधली रेघ सूर्याची आहे. पाचव्या भागात मी तुझं म्हणणं लिहिलं, की तसं सांगता येत नाही. मुद्दाम कच्चं लिहिलं नाही. उलट, कुकरच्या शिट्ट्यांमधून ऐकलेलं तुझं सगळं बोलणं आठवून, तू मांडलं असतंस तसं, एकेक पायरीनं लिहिलं. लिहिता लिहिता विचित्र झालं. मला तुझी बाजू माझ्या बाजूपेक्षा जास्त पाठ होती. आणि लिहून झाल्यावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मला तिच्यावर उत्तर सुचेना.

म्हणून तापमानाची तपासणी पुन्हा केली. डबा जास्त तापलेले दिवस एकीकडे, कमी तापलेले दुसरीकडे. तापलेल्या दिवशी रेघ किंचित वर आहे. पण इतकी किंचित, की वर आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. मुळात क्ष-किरणांचे कणच इतके थोडे. तो आलेख बघून खो खो हसली असती अशी बाई एकच होती.

काल परीक्षकाचं उत्तर आलं. पेपर बाहेर पाठवण्याआधी आपल्याकडे संस्थेतलाच कुणीतरी वाचतो, तुला माहीत आहे. या वेळी वाचणारा दुसऱ्या शहरातल्या केंद्रातला होता, तुला कधी न भेटलेला. मी तुझं नाव घातलं होतं, पण लेखक आता हयात नाही हे सांगणारं ते बारीक चिन्ह नावावर टाकलं नव्हतं. ते टाकायला हातच जात नव्हता. त्याला बिचाऱ्याला काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्यानं मोजणीचं फार कौतुक केलंय. चमकांबद्दल एक शंका नाही. आणि शेवटी लिहिलंय, 'चौथ्या आणि पाचव्या भागांत परस्परविरोधी मतं आहेत. दोन्ही लेखकांनी एकदा समोरासमोर बसून काय ते ठरवावं.'

मी ऑफिसात मोठ्यानं हसलो. शेजारच्या टेबलांवरून लोक बघायला लागले. मग ते हसणं थांबेना, आणि हसणंच आहे का तेही कळेना, तेव्हा मी उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो. येणारेजाणारे बाजूनं निघून गेले. कुणीतरी विचारलं, "सर, एव्हरीथिंग ओके?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाही सांगता येणार नाही.

परत येऊन मी उत्तर लिहिलं. 'समोरासमोर बसून वारंवार प्रयत्न केला. एकमत झालं नाही. यापुढं होण्याची शक्यता नाही. तरी दोन्ही भाग आहेत तसेच ठेवावेत, ही विनंती.' मग पहिल्या पानावर गेलो आणि तुझ्या नावावर ते चिन्ह टाकलं. खाली तळटीप आली, त्यात काय लिहायचं ते ठरलेलं असतं, ते लिहिलं.

आज सकाळी पेपर गेला, अक्का. आता लोक वाचतील आणि विचारतील. पाचव्या भागाबद्दल कुणी काही विचारलं तर उत्तर मलाच द्यावं लागणार, आणि ते मी तुझ्या बाजूनं देणार, अगदी तुटून पडून. तेव्हा चौथ्या भागाच्या बाजूनं कोण बोलणार, ते मात्र मला अजून समजलेलं नाही.